फोटो काळा येतो, दोष कुणाचा?



गेल्या महिन्यात आमच्या शेजारची मुलगी संध्याकाळी घरी आली. नर्सिंगचा कोर्स पुरा केलेली, भरतीचा अर्ज भरायला निघालेली. हातात पाकीट, पाकिटात पासपोर्ट साइजचे आठ फोटो. म्हणाली, "काका, हे बघा. पहिल्यांदा काढले तेव्हा मी काळी ठिक्कर आले, नुसते डोळे दिसत होते. स्टुडिओवाल्याला सांगितलं, तर त्यानं कॉम्प्युटरवर गोरी करून दिली. आता आई म्हणते, ही कोण? काका, माझा चेहराच असा आहे का, की तो फोटोत येतच नाही?"

आम्ही फोटो चष्मा लावून पाहिला. गालावरचा तीळ पुसला गेला होता. नाकाची कडसुद्धा धड उरली नव्हती. रंग असा, की ती मुलगी आमच्यासमोर उभी असूनही आम्हाला दोनदा फोटोकडे पाहावे लागले. उद्या परीक्षेच्या दारात कुणी अर्जावरचा फोटो आणि उमेदवाराचा चेहरा ताडून पाहिला, तर त्याची शंका चुकीची म्हणता येणार नाही. आणि त्रास मात्र पोरीला.

आम्ही कचेरीत कारकून. अर्जांचे गठ्ठे रोज आमच्या टेबलावरून जातात. पांढऱ्या चौकोनात एक काळा डाग आणि खाली नाव, असे किती फोटो पाहिले असतील त्याची मोजदाद नाही. आजवर आम्हीही मनात म्हणत आलो, की रंग सावळा, त्याला कोण काय करणार? त्या मुलीच्या प्रश्नाने आमचीच आम्हाला लाज वाटली. म्हणून या वेळच्या सदरात आम्ही फोटोच्या उजेडाबद्दल लिहिणार आहोत. तो घरच्या घरी कसा तयार करायचा, तेही सांगणार आहोत. दोष चेहऱ्याचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कॅमेऱ्याचे गणित असे. तो समोरून येणारा सगळा उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या रंगावर आणून बसवतो. मागे पांढरा पडदा असला की त्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो उजेड कमी करतो. पडदा जरा मळकट दिसतो आणि पुढचा सावळा चेहरा आणखी काळवंडतो. गोरा चेहरा या हिशेबात कसाबसा निभावतो, सावळा बुडतो. हल्लीचे मोबाइल चेहरा ओळखून बरेच सावरून घेतात. पण मागे भक्क पांढरी भिंत आणि तोंडावर उजेडच नाही, तिथे त्यांचेही काही चालत नाही.

यात एक इतिहासही आहे. रीळ टाकायच्या कॅमेऱ्याच्या काळात अमेरिकेची कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. पहिल्या बाईचे नाव शर्ली, म्हणून त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्या बाईची कातडी कार्डावर बरोबर दिसली, की यंत्र बरोबर लागले असे धरायचे. बाकी जगाने त्या मापात बसायचे. काळ्या मुलांचे आईबाप शाळेच्या फोटोबद्दल तक्रार करीत राहिले. पण 1960 आणि 70 च्या दशकात चॉकलेट करणारे आणि लाकडी सामान करणारे कारखानदार तक्रार करू लागले, की आमच्या मालाच्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नाहीत, तेव्हा कुठे कंपनीने तपकिरी रंगाकडे लक्ष दिले. गोऱ्या बाईच्या जोडीला काळी आणि आशियाई बाई त्या कार्डावर यायला 1990 चे दशक उजाडले. माणसांच्या चेहऱ्याआधी चॉकलेटची दखल घेतली गेली, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

रिळे आता जवळजवळ गेली. मोबाइल घरोघरी आला. कॅमेरा आता आपल्या हातात आहे, कमी आहे तो उजेडाचा. तो बाजारातूनच आणला पाहिजे असे नाही.

आम्ही पहिला प्रयोग केला तो फसला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका लग्नात मांडववाल्याचा 500 वॅटचा हॅलोजन मागून आणला आणि उजेड पसरावा म्हणून त्याच्यापुढे थर्माकोलचा तुकडा धरला. दहा मिनिटांत थर्माकोल वितळून खाली ओघळला, घरभर घाण वास सुटला. नवरीची आत्या जी रागावली, ती अजून आमच्याशी नीट बोलत नाही. हॅलोजन म्हणजे जवळजवळ शेगडीच. तो घरात, पडद्याजवळ, पोराबाळांत कधीही लावू नये.

आमच्यापेक्षा नामांकित माणसांनीही यात हात पोळून घेतले आहेत. जेकब रीस हा डेन्मार्कहून 1870 साली अमेरिकेत गेलेला गरीब तरुण पुढे न्यूयॉर्कमध्ये पोलीस खात्याच्या बातम्या देणारा पत्रकार झाला. तिथल्या चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत माणसे कशी कोंबून राहतात, हे तो लिहीत होता, पण लोकांना पटत नव्हते. 1887 साली मॅग्नेशियमची पूड जाळून अंधारात फोटो काढायची युक्ती जर्मनीतून आल्याचे त्याने वाचले. आधी ती पूड पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवायची असे. पिस्तूल पाहून लोक घाबरत, म्हणून रीसने स्वयंपाकघरातला तळणीचा तवा घेतला आणि त्यावर पूड जाळू लागला. या खटाटोपात दोनदा घराला आग लागली आणि एकदा तो स्वतः पेटला, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्याचे पुस्तक 1890 साली निघाले आणि शहराला त्या चाळींची दखल घ्यावी लागली. तव्यावरच्या उजेडाचे हे काम लहान नव्हते. पण त्याच्या काही फोटोंतली माणसे झोपेतून दचकून उठल्यासारखी दिसतात. त्यांना कुणी विचारले होते, असे त्या चेहऱ्यांवरून वाटत नाही. त्यातून आम्ही दोन धडे घेतले. पहिला, आग लागेल असा उजेड करू नये. दुसरा, ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी विचारावे आणि बसायला खुर्ची द्यावी.

आता प्रत्यक्ष कृती.

एक मोठे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. पंख्याचे, मिक्सरचे, टीव्हीचे, कसलेही चालेल. समोरची बाजू साधारण दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच असावी. ती बाजू कापून काढावी. आतल्या तिन्ही बाजूंना, वर आणि खाली पांढरा कागद चिकटवावा. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. पोळ्या गुंडाळायची चांदीची फॉइल लावली तरी चालेल, पण ती आधी चुरगाळून मग पसरावी, म्हणजे उजेडाचे ठिपके पडत नाहीत. फॉइल मात्र होल्डरच्या आणि वायरच्या जवळ येऊ देऊ नये, तिच्यातून वीज वाहते. खोक्याच्या वरच्या बाजूला रुपयाएवढी सात-आठ भोके पाडावीत. गरम हवा तिथून निघून जाते.

आत मागच्या बाजूला प्लायवूडचा तुकडा बसवून त्यावर चार होल्डर लावावेत. एलईडी बल्ब 9 वॅटचे चार पुरतात. 9 वॅटचा एक बल्ब साधारण जुन्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड देतो आणि त्यामानाने फारच कमी तापतो. तरीही बल्ब आणि पुठ्ठा यांत चार बोटे अंतर ठेवावेच. वायरिंगचे काम स्वतः करू नये. वस्तीत वायरमन असतोच, त्याला चहा पाजून हे काम त्याच्याकडून करून घ्यावे. वायरचा सांधा उघडा नको, पिन धड हवी, बटण खोक्याच्या बाहेर हवे. लहान मुले घरात असली, तर काम झाल्यावर पिन काढून खोके माळ्यावर ठेवावे.

समोरच्या उघड्या बाजूवर पांढरे मलमलचे कापड ताणून बसवावे. आमच्या सौ.नी आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा दिला, तो सगळ्यात छान निघाला. सफेद ट्रेसिंग पेपरही चालतो. कापड बल्बला टेकता कामा नये, निदान वीतभर लांब हवे. दाट चादर लावू नका, उजेड आतच अडकतो.

बल्ब घेताना डब्यावर दोन आकडे पाहावेत. एक रंगाचा. 6500 के म्हणजे दिवसासारखा पांढरा, 3000 के म्हणजे पिवळसर. चारही बल्ब एकाच आकड्याचे घ्यावेत. अर्जाच्या फोटोला पांढरे बरे. फोटोच्या वेळी खोलीतले बाकीचे दिवे बंद करावेत, नाहीतर एक गाल पांढरा आणि एक पिवळा येतो. दुसरा आकडा सीआरआय. तो 80 च्या खाली नको, 90 असला तर कातडीचा रंग जास्त खरा दिसतो. बल्ब घरी आणल्यावर मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब विजेच्या लाटेबरोबर लुकलुकतो आहे असे समजावे. तो संडास-बाथरूमला लावावा आणि फोटोसाठी दुसरा आणावा.

खोके उंच धरायला स्टँड हवा. रंगाच्या रिकाम्या डब्यात मधोमध पाइप उभा करून भोवती वाळू आणि सिमेंट ओतले, की दोन दिवसांत स्टँड तयार. तेवढेही नको असेल, तर टेबलावर स्टूल आणि स्टुलावर खोके, दोरीने बांधून.

आम्ही वाणिज्य शाखेचे, हिशेब लिहून ठेवल्याशिवाय आम्हाला जेवण जात नाही. चार बल्ब 400 रुपये, चार होल्डर 120, वायर 110, पिन आणि बटण 80. एकूण 710. खोके, कापड, कॅलेंडर, डबा आणि वाळू घरची. वायरमनचा चहा हिशेबात धरलेला नाही.

दुसरी वस्तू त्याहून सोपी. दोन फूट बाय तीन फूट पुठ्ठ्याला पांढरा कागद चिकटवला, की उजेड परतवणारा फळा झाला. आम्ही आधी थर्माकोल वापरत होतो. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठाच वापरतो. काम तेच होते.

आता मांडणी. माणसाला भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसवावे, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. उजेडाचे खोके चेहऱ्यासमोर न ठेवता एका बाजूला, कपाळाच्या थोडे वर, तीन फुटांवर ठेवावे. दुसऱ्या बाजूला पांढरा फळा घरातल्या कुणाच्या तरी हातात द्यावा. खोक्याचा उजेड फळ्यावर आपटून दुसऱ्या गालावर येतो. खोके तीन फुटांवरून सहा फुटांवर नेले, तर उजेड अर्धा होत नाही, जवळजवळ पावच उरतो. म्हणून खोके जवळच बरे. जवळ आणि मोठा उजेड असला, की सावलीची कड मऊ होते. लांबचा आणि लहान उजेड असला, की ती सुरीसारखी धारदार पडते. मोबाइलचा फ्लॅश इवलासा, म्हणून त्याने कपाळ चकाकते आणि बाकी चेहरा चपटा होतो. तो बंदच ठेवावा.

सावळ्या चेहऱ्याबद्दल एक खास गोष्ट. गोऱ्या चेहऱ्याची ठेवण सावलीवरून दिसते. सावळ्या चेहऱ्याची ठेवण कातडीवर उमटणाऱ्या उजेडाच्या झळाळीवरून जास्त दिसते. गालाचे हाड, नाकाचा दांडा, ओठाची कड या ठिकाणी मोठ्या पांढऱ्या कापडाचा मऊ उजेड पसरला, की चेहरा जसा आहे तसा उठून येतो. म्हणून पावडर थापू नये. घाम फडक्याने टिपला, की पुरे.

मोबाइल हातात घेतल्यावर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. सूर्याची खूण येते, ती थोडी वर सरकवावी. पांढरी भिंत आणखी उजळली तर उजळू द्या, आपल्याला चेहरा हवा आहे. मागचा कॅमेरा वापरावा आणि पाच-सहा फुटांवर उभे राहावे. फार जवळून काढला, तर नाक मोठे येते. आणि मोबाइलमधले ते 'ब्यूटी' नावाचे बटण बंद करावे. स्टुडिओवाल्याने पोरीला गोरी केली म्हणून रागावायचे आणि तेच काम मोबाइलकडून गुपचूप करून घ्यायचे, हे बरोबर नाही.

घरात वीज नसेल, खोके करायला वेळ नसेल, तर दिवसा खिडकीजवळ बसावे. खिडकीला पांढरे कापड लावले आणि दुसऱ्या बाजूला पांढरा फळा धरला, की सूर्य फुकटात तेच काम करतो. थेट ऊन मात्र तोंडावर नको.

हाच उजेड आणखी एका कामाला येतो. घरोघरी आजी-आजोबांचे एखाददुसरे जुने फोटो असतात, पिवळे पडलेले, वाळवी लागलेले. ते मोबाइलवर उतरवून ठेवावेत. फोटो भिंतीला सपाट लावावा, दोन बाजूंना दोन सारखे दिवे तिरके, म्हणजे 45 अंशांत ठेवावेत आणि मोबाइल अगदी समोर, सरळ धरावा. काचेची फ्रेम असेल आणि फोटो काचेला चिकटलेला असेल, तर ओढून काढू नका, फाटेल. तसाच काढा. काचेत आपले प्रतिबिंब दिसत असेल, तर मोबाइलमागे काळी शाल धरून उभे राहावे, प्रतिबिंब जाते.

जुन्या फोटोंचा विषय निघाला म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एक आजी गेल्या. आयुष्यभर बांधकामावर घमेली वाहिलेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर घरात एकही नाही. शेवटी आधार कार्डावरचा शिक्क्याएवढा फोटो मोठा करून आणला. करडा, फुटलेला, डोळे अर्धे मिटलेले. त्यावर हार घातला. त्यांची नात आम्हाला म्हणाली, "आजी अशी नव्हती हो दिसत." आम्ही काय बोलणार? ती बाई सत्तर वर्षे आमच्या समाजात वावरली आणि तिचा एक बरा फोटो आम्हा कुणाला काढावासा वाटला नाही.

अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस नावाचा मोठा पुढारी होऊन गेला. गुलामगिरीत जन्मला, 1838 साली पळून सुटला आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध देशभर भाषणे देत फिरला. त्याने आयुष्यात मुद्दाम पुनःपुन्हा फोटो काढून घेतले. त्याचे सुमारे 160 वेगवेगळे फोटो आज ठाऊक आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्वात जास्त फोटो निघालेला माणूस तोच, असे अभ्यासक मानतात. कारण सरळ होते. गोरे चित्रकार काळ्या माणसाचे ओठ-नाक वेडेवाकडे काढीत, त्याला माणसासारखा दाखवीत नसत. डग्लसचा भरवसा कॅमेऱ्यावर होता. स्वच्छ कोट घालून, सरळ बसून, नजर रोखून तो फोटो काढून घेई. आपला चेहरा दुसऱ्याने कसा दाखवावा, हे त्याने दुसऱ्यावर सोडले नाही.

आमच्या खोक्याची पहिली परीक्षा अर्थातच त्या शेजारच्या मुलीवर झाली. तिच्या आईने फळा धरला, धाकट्या भावाने बटण दाबले. चौथ्या फोटोला ती म्हणाली, "थांबा काका, हा दाखवा." बराच वेळ मोबाइल हातात धरून बसली. रंग तिचाच होता, सावळा. तीळ जागेवर होता. आई म्हणाली, "हां, ही माझी." अर्जाला तोच फोटो लागला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही खोके समाजमंदिरात नेले आणि साठीपुढच्या सगळ्यांना निरोप दिला. पहिल्या दिवशी तेवीस जण आले. कुणी इस्त्रीचा सदरा घालून आले, कुणी नवी साडी नेसून. एक बाबा दोनदा घरी परत गेले, एकदा टोपी आणायला आणि एकदा चष्मा. प्रत्येकाला विचारून, खुर्चीवर बसवून फोटो काढला आणि मागे नाव, गाव, काय काम केले ते त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतले. ज्यांना नको होते त्यांचा काढला नाही.

वाचकांना एवढीच विनंती, की हे आपल्या वस्तीत करावे. एक खोके गल्लीला पुरते. तरुण मुलांनी स्टँड उचलावा, बायकांनी कापड द्यावे, हिशेब कुणीतरी लिहावा. आणि सुरुवात घरातल्या सर्वात वयस्क माणसापासून करावी, ते हार घालायच्या वयाला पोचण्याआधी.